'वाटेल तेव्हा'पासून 'पाच वर्षांत'पर्यंत

मियामी म्हटले, की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर फ्लोरिडाचा समुद्रकिनारा उभा राहतो. त्या शहराचे नाव मात्र तेथील एका वेगळ्याच जमातीच्या नावावरून आले आहे. येथे ज्यांची हकिकत सांगायची आहे, ते मियामी लोक तेथून शेकडो कोस उत्तरेला, आजच्या इंडियाना राज्यातील वाबाश नदीच्या खोऱ्यात राहत असत. ते स्वतःला 'म्यामिया', म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणारे लोक, असे म्हणवतात.

६ ऑक्टोबर १८४६ रोजी इंडियानातील पेरू या गावी तीनशेहून अधिक मियामी स्त्री-पुरुष आणि मुले कालव्यातील बोटींत बसवून पश्चिमेकडे रवाना करण्यात आली. अमेरिकी सरकारशी झालेल्या तहाप्रमाणे त्यांनी २८ नोव्हेंबर १८४५ पूर्वीच मायभूमी सोडायला हवी होती. म्हणजे मुदत उलटूनही ते दहा महिन्यांहून अधिक काळ तेथेच होते. त्याआधीचा तह पाहिला तर त्यात मुदतीचा उल्लेखच नाही. जमातीला वाटेल तेव्हा तिने जावे, असे तेथे लिहिले आहे. 'वाटेल तेव्हा'पासून 'पाच वर्षांच्या आत'पर्यंत आणि तेथून शिपायांच्या पहाऱ्यापर्यंत ही गोष्ट कशी गेली, हे समजून घेण्याजोगे आहे. जावे की न जावे, हा प्रश्न मियामींच्या हातून केव्हाच निसटला होता. हाती उरला होता तो 'कधी' आणि 'कोणी' एवढाच प्रश्न, आणि त्यांनी तो जमेल तितका ताणून धरला.

दोन नद्यांमधली वाट

मियामींच्या मुख्य वसाहतीचे नाव केकिओंगा. सेंट मेरीज आणि सेंट जोसेफ या नद्यांच्या संगमावर, जेथून मॉमी नदी सुरू होते, तेथे हे गाव होते. आज तेथे फोर्ट वेन हे शहर आहे. मॉमी ईरी सरोवराला जाऊन मिळते, तर वाबाश विरुद्ध दिशेने वाहत ओहायो नदीला मिळते. या दोहोंच्या मध्ये काही मैलांचीच कोरडी जमीन. तेवढे अंतर होडी आणि माल खांद्यावर घेऊन ओलांडले, की कॅनडाच्या बाजूने आलेला व्यापारी थेट मिसिसिपीपर्यंत पोहोचू शकत असे. मियामींचे वैभव या वाटेवर उभे होते आणि संकटही याच वाटेने आले.

'लिटल टर्टल' या नावाने इतिहासात प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या सेनानीने १७९० मध्ये आणि पुन्हा ४ नोव्हेंबर १७९१ रोजी अमेरिकी फौजांचा पराभव केला. दुसऱ्या लढाईत सहाशेहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले. मूलनिवासींनी अमेरिकी लष्कराचा केलेला हा सर्वांत मोठा पराभव मानला जातो. परंतु १७९४ मधील फॉलन टिंबर्सच्या लढाईत पारडे फिरले. पुढल्या वर्षी ग्रीनव्हिल येथे तह झाला आणि त्यानंतर मियामींची जमीन लढाईत नव्हे, तर कागदावर जाऊ लागली. इंडियाना १८१६ मध्ये राज्य झाले. मग १८१८, १८२६, १८३४, १८३८ असे एकामागून एक तह होत गेले.

या तहांमागचे अर्थकारण ध्यानात घेतल्याशिवाय मुदतीचा प्रश्न उलगडत नाही. जमिनीच्या मोबदल्यात सरकार जमातीला दरवर्षी ठरावीक रक्कम देत असे. आपल्याकडील जुना शब्द वापरायचा तर वर्षासन. १८२६ च्या तहाने मियामींचे कायमचे वर्षासन २५ हजार डॉलर ठरले होते. हे पैसे वाटण्याच्या दिवशी फोर्ट वेन परिसरातील व्यापारी कापड, दारू, खोगिरे आणि वह्या घेऊन हजर असत. वर्षभर उधारी द्यायची, वर्षासनाच्या दिवशी वसूल करायची आणि उरलेली बाकी वहीत फुगवत न्यायची. बाकी फारच वाढली, की पुढच्या तहात जमिनीच्या किमतीतून ती सरकारकडून परस्पर चुकती करून घ्यायची. सावकाराच्या वहीत अंगठा उठवणारा शेतकरी आणि त्याची जमीन हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. येथे फरक इतकाच, की अंगठा एका कुळाचा नसून साऱ्या जमातीचा होता आणि वसुलीला सरकार मध्यस्थ होते.

शेजाऱ्यांचा अनुभव

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी २८ मे १८३० रोजी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. मिसिसिपीच्या पूर्वेकडील जमातींना पश्चिमेकडील जमीन देऊन त्यांची इकडची जमीन घ्यावी, असा हा कायदा. त्यात एक बारकावा होता. कायद्याने थेट बळाचा वापर सांगितलेला नव्हता. जमातीशी तह व्हावा, अशी अपेक्षा होती. म्हणून संमती मिळवणे आले, संमतीसाठी वाटाघाटी आल्या आणि वाटाघाटीत मुदत आली. एकदा तारीख कागदावर आली, की मग ती पाळली नाही म्हणून बळ वापरायला सरकार मोकळे. तारखेचे खरे महत्त्व येथे होते.

मियामींच्या उत्तरेला राहणाऱ्या पोटावाटोमींवर नेमके हेच गुदरले. ५ ऑगस्ट १८३६ च्या तहात त्यांना दोन वर्षांची मुदत होती. मेनोमिनी नावाच्या त्यांच्या एका प्रमुखाने त्या तहावर सहीच केलेली नव्हती आणि जायला तो तयार नव्हता. पण कागदाचे दिवस भरले. ऑगस्ट १८३८ उजाडला, मुदत संपली आणि महिन्याभरात जनरल जॉन टिप्टन सशस्त्र तुकडी घेऊन ट्विन लेक्स येथील वस्तीवर आला. ४ सप्टेंबर रोजी साडेआठशेच्या आसपास माणसे कॅन्ससच्या दिशेने हाकलण्यात आली. दुष्काळाचे दिवस, पाणी गढूळ, तापाची साथ. सुमारे साडेसहाशे मैलांच्या या वाटचालीत चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक लहान मुले होती. ४ नोव्हेंबर १८३८ रोजी हा तांडा कॅन्ससमध्ये पोहोचला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ६ नोव्हेंबर १८३८ रोजी, 'फोर्क्स ऑफ द वाबाश' येथे मियामींनी सरकारशी नवा तह केला. आजच्या हंटिंग्टन शहराजवळचे हे ठिकाण. तांडा पोहोचल्याची वार्ता तोवर तेथे येणे शक्य नव्हते. पण तो निघाला कसा, हे मात्र सर्वांना ठाऊक होते. अशा वातावरणात झालेल्या त्या तहात आणखी जमीन गेली आणि ३ लाख ३५ हजार ६८० डॉलर ठरले. परंतु स्थलांतराबाबतचे कलम मोठे विलक्षण आहे. मिसिसिपीच्या पलीकडे मियामींना त्यांच्या गरजांना आणि इच्छेला अनुरूप अशी जमीन कायमची दिली जाईल. आणि ते तेथे जातील ते जमातीला मायभूमी सोडावीशी वाटेल तेव्हा. तारीख नाही, वर्ष नाही. सरकारने पश्चिमेकडची जमीन गळ्यात बांधली, पण जाण्याचा दिवस ठरवण्याचे काम जमातीकडेच राहिले.

हे साधले ते ज्याँ बाप्टिस्ट रिचर्डव्हिल या प्रमुखाने. त्याचे मियामी नाव पिन्शिवा. वडील फ्रेंच व्यापारी, तर आई टाकुम्वा ही मियामींच्या प्रमुखाची बहीण आणि स्वतः व्यापारात मुरलेली. नद्यांमधल्या त्या वाटेवरील वाहतुकीतून या घराण्याने पैसा केला. रिचर्डव्हिल हा त्या काळातील मूलनिवासींमधील सर्वांत धनाढ्य माणूस मानला जाई. फोर्ट वेनजवळ त्याने १८२७ मध्ये बांधलेले दुमजली घर आजही उभे आहे आणि २०१२ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरले. जवळजवळ प्रत्येक तहात त्याने स्वतःच्या नावावर जमीन करून घेतली, म्हणून त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली आहे. ती निराधार नाही. पण वाटाघाटी रेंगाळत ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हेही खरे. १८३३ मध्ये सरकारचे प्रतिनिधी स्थलांतराची मागणी घेऊन आले तेव्हा मियामींनी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले होते. १८३४ मध्ये झालेला तह तर वॉशिंग्टनमधील मतभेदांमुळे १८३७ पर्यंत मंजूरच झाला नाही. प्रत्येक दिरंगाईने मियामींना आणखी एक-दोन सुगी मिळत गेल्या.

पाच वर्षांचा हिशेब

मग अवघ्या दोन वर्षांत 'वाटेल तेव्हा'चे 'पाच वर्षांत' कसे झाले? १८३७ च्या आर्थिक मंदीने फोर्ट वेनचे व्यापारी स्वतःच अडचणीत आले होते. मियामींच्या नावावरील बाकी वसूल करण्याचा त्यांना एकच मार्ग दिसत होता, तो म्हणजे आणखी एक तह. मियामींच्या बाजूला पडझड झाली होती. शिकार आटली होती, दारूने आणि आपसांतल्या मारामाऱ्यांनी माणसे जात होती. फ्रान्सिस गॉडफ्रॉय हा दुसरा मोठा प्रमुख १८४० च्या मे महिन्यात मरण पावला. रिचर्डव्हिल सुमारे ऐंशीचा होता.

२८ नोव्हेंबर १८४० रोजी पुन्हा फोर्क्स ऑफ द वाबाश येथेच सह्या झाल्या. सरकारच्या वतीने सॅम्युएल मिलरॉय आणि ॲलन हॅमिल्टन हे दोघे होते. गंमत म्हणजे आपण 'अनधिकृतपणे' आयुक्त म्हणून वागत आहोत, अशी नोंद या दोघांनी तहाच्या मजकुरातच करून ठेवली आहे. यांपैकी हॅमिल्टन हा फोर्ट वेनचा व्यापारी आणि रिचर्डव्हिलच्या परिचयातला. पुढल्याच वर्षी तो मियामींसाठी नेमलेला सरकारी एजंटही झाला. म्हणजे देणेकऱ्यांशी बोलणारा, घेणेकऱ्यांत बसणारा आणि सरकारसाठी सही घेणारा माणूस एकच होता.

या तहाने वाबाशच्या दक्षिणेकडील सुमारे पाच लाख एकरांचा, इंडियानातील उरलासुरला सामाईक प्रदेश सरकारला मिळाला. मोबदला ५ लाख ५० हजार डॉलर. एकरी डॉलरभराच्या आसपास. त्यातील फार मोठा हिस्सा जमातीची कर्जे फेडण्यासाठी, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी, बाजूला काढण्यात आला आणि उरलेला वीस वार्षिक हप्त्यांत द्यायचा ठरला. पश्चिमेकडे मिसुरी राज्याच्या सीमेला लागून जमीन नेमून देण्यात आली. आणि मुख्य कलम: तहाच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत जमातीने तेथे जावे. प्रवासखर्च सरकारचा, पोहोचल्यावर बारा महिने शिधा सरकारचा. दुसऱ्या वर्षी ४ हजार डॉलरचे डुकराचे मांस आणि पीठ पुरवले जाईल; मात्र ती रक्कम त्या वर्षीच्या वर्षासनातून कापून घेतली जाईल. औदार्याचा खर्च लाभार्थ्याच्याच खात्यावर टाकण्याची ही रीत मोठी नमुनेदार म्हटली पाहिजे.

पोटावाटोमींना दोन वर्षे, चेरोकींनाही दोनच वर्षे. मग मियामींना पाच का? उत्तर असे, की पाच वर्षे सगळ्यांनाच सोयीची होती. सरकारच्या हाती जमिनीची मालकी लगेच आली आणि प्रत्यक्ष खर्च पुढे ढकलला गेला. व्यापाऱ्यांना जुनी बाकी रोख मिळाली आणि वर, जमात येथेच असेपर्यंत दरवर्षीचे वर्षासन फोर्ट वेनच्या बाजारातच खर्च होणार होते. मियामी निघून जावेत असे जमिनीसाठी आसुसलेल्या वसाहतवाल्यांना जितके तीव्रतेने वाटे, तितके ते व्यापाऱ्यांना वाटत नव्हते. या दोन लोभांमधली फट रिचर्डव्हिलने ओळखली होती. आपल्या लोकांसाठी त्याने जी पाच वर्षे मिळवली, ती व्यापाऱ्यांच्या स्वार्थाच्या आडोशाने मिळवली, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याची किंमतही व्यापाऱ्यांनीच वसूल केली.

राहण्याचा हक्क, वर्षासनाच्या भाषेत

'कोणी जायचे' हा वाटाघाटीचा दुसरा भाग. तहांचा मजकूर वाचताना तो सहज नजरेतून निसटतो, कारण 'अमुक कुटुंबाला येथे राहण्याचा अधिकार असेल' असे सरळ वाक्य त्यात नाही. १८३८ च्या तहात म्हटले आहे ते इतकेच: जमात पश्चिमेकडे गेली, तर रिचर्डव्हिल फार वृद्ध आणि अशक्त असल्याने, लांबचा प्रवास त्याला झेपणार नसल्याने, त्याचा आणि त्याच्या कुटुंबाचा वर्षासनाचा वाटा फोर्ट वेन येथेच दिला जाईल. पैसे जेथे मिळणार, तेथे माणूस राहणार. राहण्याची परवानगी ती हीच.

१८४० च्या तहात हीच सवलत दिवंगत गॉडफ्रॉयच्या कुटुंबाला आणि मेशिंगोमेशिया व त्याच्या भावांना मिळाली. मिसिसिनेवा नदीकाठी मेशिंगोमेशियाच्या गटासाठी जमीनही राखून ठेवली गेली. खासगी नावावरच्या जमिनी रिचर्डव्हिलने आणि इतरांनी ज्या कारणाने जमवल्या, त्याचा एक अर्थ येथे दिसतो. सामाईक जमीन तहाने जाऊ शकत होती. एखाद्याच्या नावावरचा तुकडा तसा जात नव्हता. अर्थात ज्याच्या नावावर तुकडा नव्हता, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. सामान्य मियामी कुटुंबाला यातले काही मिळाले नाही.

या यादीत शेवटची भर पडली ती एका गोऱ्या म्हातारीमुळे. फ्रान्सिस स्लोकम हिला १७७८ मध्ये, पाच वर्षांची असताना, पेनसिल्व्हेनियातील घरातून डेलावेअर जमातीच्या लोकांनी पळवून नेले होते. पुढे ती मियामींमध्ये मिसळली, माकोनाक्वा झाली, एका मियामी पुरुषाशी तिचा संसार झाला, मुलीनाती झाल्या. १८३७ मध्ये तिच्या भावंडांनी तिला शोधून काढले. त्यांनी परत चलण्याचा आग्रह केला. ती गेली नाही. मात्र मियामींनी मुलूख सोडण्याची वेळ आली, तेव्हा तिने आपल्या गोऱ्या जन्माचा आधार घेऊन अमेरिकी काँग्रेसकडे अर्ज केला. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी बेंजामिन बिडलॅक यांनी तो मांडला, माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पाठिंबा दिला आणि ३ मार्च १८४५ रोजी ठराव मंजूर झाला. तिचा आणि तिच्या सुमारे वीस वंशजांचा वर्षासनाचा वाटा फोर्ट वेनला मिळेल, असे त्यात ठरले. भाषा पुन्हा तीच. ज्या जन्माकडे पाठ फिरवून ती साठ वर्षे जगली, तोच जन्म तिच्या लेकरांना मियामी म्हणून मायभूमीत राहू देण्यास कामी आला. ९ मार्च १८४७ रोजी ती तेथेच वारली.

मुदत सरते

रिचर्डव्हिल १३ ऑगस्ट १८४१ रोजी मरण पावला. तहाची अधिकृत घोषणा होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्याच्या जागी त्याचा जावई फ्रान्सिस लाफोंटेन आला. सासऱ्याने मिळवलेली पाच वर्षे संपताना पाहण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

ही वर्षे मियामींनी कशी काढली? जशी आधीची काढली होती तशीच. वाबाश आणि मिसिसिनेवाकाठी मका पेरला, कापला, वर्षासन घेतले. निघण्याची तयारी म्हणावी अशी केली नाही, आणि हे न करणे हीच त्यांची रणनीती होती. दरम्यान भोवतालचा मुलूख त्यांची वाट पाहत थांबला नाही. १८४४ मध्ये, मुदत संपायला वर्षाहून अधिक काळ असताना, इंडियाना राज्याने त्यांच्या राखीव प्रदेशात नवा जिल्हा उभा केला. कोकोमो हे त्याचे मुख्य ठिकाण. त्या जिल्ह्याला नाव दिले 'रिचर्डव्हिल'. १८४६ मध्ये मियामींची रवानगी झाली आणि त्याच वर्षी ते नावही बदलून 'हॉवर्ड' करण्यात आले. आज नकाशात हॉवर्डच सापडते.

माणसे हलवण्याचे काम सरकार स्वतः करीत नसे. त्याचा ठेका देत असे. १८४४ मध्ये हा ठेका टेरे होट येथील टॉमस डाऊलिंग याने मिळवला, मग तो विकला, तो पुन्हा हातोहात गेला. शेवटी त्यातील भागीदारांमध्ये फोर्ट वेनचे एविंग बंधू होते, म्हणजे मियामींच्या उधारीवर मोठे झालेले व्यापारीच. प्रत्यक्ष तांडा नेण्याची जबाबदारी साउथ बेंडच्या ॲलेक्सिस कोकिलार्डवर आली. ठेक्याच्या या बाजारामुळेही दिवस लांबत गेले. नोव्हेंबर १८४५ ची तारीख उलटली तरी मियामी जागचे हलले नव्हते. हिवाळा तोंडावर असताना निघणे शक्य नाही, वसंतात पेरणी आली, पेरले तर कापणीपर्यंत थांबायला हवे. शेतकऱ्याच्या वर्षात घर सोडण्याजोगा दिवस कुठला सापडणार?

अखेर वॉशिंग्टनने दुखरी नस दाबली. जे स्थलांतर करतील, त्यांनाच आणि पश्चिमेकडेच यापुढे वर्षासन मिळेल, अशी ताकीद देण्यात आली. यामुळे चित्र एकदम पालटले. मियामी येथे राहिले तरी त्यांचे पैसे येथे येणार नसतील, तर व्यापाऱ्यांना त्यांच्या राहण्यात रस उरत नव्हता. शिवाय ठेका आता त्यांच्याच खिशात होता. ज्या फटीत मियामींनी पाच वर्षे काढली, ती बुजली. सप्टेंबर १८४६ मध्ये, मेक्सिकोशी युद्ध सुरू असतानाही, सैनिकांची एक लहान तुकडी पेरू येथे आणण्यात आली. लढाई झाली नाही, तशी गरजही पडली नाही. काही कुटुंबे रानात लपली, काही परागंदा झाली. बाकीच्यांना जमा करण्यात आले.

कालव्याची वाट

पोटावाटोमी पायी गेले होते. मियामी पाण्यावरून गेले, आणि यातही काळाचा विचित्र योग आहे. वाबाश-ईरी कालवा मियामींनीच १८२६ पासून सोडलेल्या जमिनींतून खणला गेला होता. आपल्या राखीव तुकड्यांतून कालवा नेण्यास त्या तहात त्यांनी मान्यता दिली होती. ओहायोतील ज्या कालव्याने पुढे दक्षिणेकडे जायचे, त्याचे नावच मियामी-ईरी कालवा, आणि तो पूर्ण झाला १८४५ मध्ये. करारातल्या मुदतीचे वर्षही तेच.

६ ऑक्टोबरला पेरू सोडल्यावर बोटी दुसऱ्या दिवशी फोर्ट वेनला आल्या. तेथे आणखी माणसे चढवली गेली. केकिओंगाच्या भूमीवरून मियामी जमात म्हणून निघाली ती येथून. ओहायोतील जंक्शन नावाच्या ठिकाणी बोटी दुसऱ्या कालव्यात वळल्या आणि डेटनमार्गे सिनसिनाटीला पोहोचल्या. तेथून 'कोलोरॅडो' या आगबोटीने ओहायो नदी उतरून मिसिसिपीत आणि प्रवाहाविरुद्ध सेंट लुईसला. मग दुसऱ्या आगबोटीने मिसुरी नदीतून आजच्या कॅन्सस सिटीच्या धक्क्यावर. तो दिवस १ नोव्हेंबरचा. उरलेली वाट जमिनीवरून कापून ९ नोव्हेंबरच्या सुमारास ते नेमून दिलेल्या प्रदेशात पोहोचले. हा पाच आठवड्यांचा प्रवास पोटावाटोमींच्या वाटचालीच्या तुलनेत कमी प्राणघातक ठरला, तरी वाटेत मृत्यू झालेच. ज्यांनी पेरलेले शेत मागे ठेवले होते, ते उघड्या माळावर हिवाळ्याच्या तोंडाशी उतरले.

लाफोंटेन त्यांच्यासोबत गेला होता. त्याच्या स्वतःच्या कुटुंबाला राहण्याची मुभा होती. तो लोकांना पोहोचवून परत यायला निघाला. १३ एप्रिल १८४७ रोजी, घर थोडेच दूर राहिले असताना, इंडियानातील लाफाएट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी लपून राहिलेल्यांपैकी काहींना शोधून दुसरी लहान तुकडी पश्चिमेला पाठवण्यात आली. उलट दिशेनेही वर्दळ होतीच. कॅन्ससहून काही जण गुपचूप परतले. १ मे १८५० रोजी काँग्रेसने आणखी काही कुटुंबांना इंडियानातच वर्षासन देण्याचे मान्य केले. १८५४ मध्ये इंडियानातील मियामींची यादी झाली, तेव्हा ती सुमारे तीनशे नावांची होती. १८४६ मध्ये बोटीत जितके चढले, जवळपास तितकेच येथे उरले होते.

गेलेल्यांना कॅन्ससही लाभले नाही. १८५४ च्या तहात तेथील बहुतेक जमीन गेली आणि १८६७ नंतर उरलेल्यांना आजच्या ओक्लाहोमात हलावे लागले. या खेपेला पाच वर्षांची घासाघीस करण्याइतकेही बळ त्यांच्यात नव्हते. तेथील त्यांच्या गावाचेही नाव मियामी आहे, फक्त उच्चार 'मायॅमा' असा होतो. मागे राहिलेल्यांवर वेगळेच संकट आले. मेशिंगोमेशियाच्या गटाची सामाईक जमीन १८७२ च्या कायद्याने वाटून देण्यात आली. मग कर, गहाणखत आणि विक्री यांत ती हातची गेली. १८९७ मध्ये विलिस व्हॅन डेव्हेंटर या सरकारी कायदा अधिकाऱ्याने, इंडियानातील मियामी आता जमात राहिलेले नाहीत, असे मत दिले आणि त्यांची केंद्रीय मान्यता संपली.

ओक्लाहोमातील मियामी हे अमेरिकी सरकारने मान्य केलेले सार्वभौम जमातराष्ट्र आहे. पेरू येथे मुख्यालय असलेल्या इंडियानातील मियामींना मात्र न्यायालयात झगडूनही ती मान्यता परत मिळालेली नाही. एकेकाळी राहणे हा विशेषाधिकार होता आणि जाणे ही शिक्षा. सरकारदरबारी आज स्थिती नेमकी उलट आहे. १८४६ च्या त्या ऑक्टोबरात बोटीत कोणाचे पणजोबा चढले, यावर अजून पुष्कळ काही अवलंबून आहे.

मियामी भाषा मातृभाषा म्हणून बोलणारे शेवटचे लोक विसाव्या शतकात निवर्तले. पण मिशनऱ्यांनी करून ठेवलेल्या जुन्या शब्दसूचींवरून ती पुन्हा उभी करण्याचे काम डेव्हिड कोस्टा या भाषाशास्त्रज्ञाने केले आणि डॅरिल बाल्डविन यांनी ती आपल्या घरात मुलांशी बोलायला सुरुवात केली. २०१६ मध्ये बाल्डविन यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. ओहायोतील मियामी विद्यापीठात या भाषेचे केंद्र आहे. मुलांसाठी उन्हाळी शिबिरे भरतात. एक ओक्लाहोमात आणि दुसरे फोर्ट वेनला, म्हणजे जेथे केकिओंगा होते, तेथे.